नियमवाल्या आपा

आमच्या विद्यापीठात नोटीसबोर्डासमोर उभं राहून नोटीस मोठ्यानं वाचणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे आपा. बाकी आम्ही सारे बोर्डाकडे तिरकी नजर टाकून पुढे सटकणारे. आपा कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या आणि संख्याशास्त्र शिकवून शिकवून कमावलेल्या खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सगळं वाचायच्या. एखादं वाक्य कळलं नाही की नोटीस टाचण्यांसकट काढून थेट लिहिणाऱ्याच्या टेबलावर. "तुमीच लिवलं ना हे? मंग मले समजावून सांगा." समजावता समजावता भल्याभल्यांना घाम फुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर सोप्या भाषेतली नोटीस लागलेली असायची.

आपा मूळच्या चंद्रपूरच्या. वडिलांचं शिलाईचं दुकान, घरात उर्दू-हिंदी, गल्लीत आमची झाडी-वऱ्हाडी बोली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना आपाच, म्हणजे थोरली बहीणच, म्हणायचे. प्राध्यापक झाल्या म्हणून बोलणं बदलायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी एकदा "तुम्ही अशा बोलता?" म्हणून कौतुकानं विचारलं, तर आपा म्हणाल्या, "नाई जी, मी अशीच बोलतो. तुमी तसे काऊन बोलता?" पाहुण्यांनी चहात लक्ष घातलं.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचं वारं आमच्याकडेही आलं. पोरांचे प्रकल्प अचानक गुळगुळीत व्हायला लागले. एका प्रकल्पाची सुरुवातच "नक्कीच! तुमच्यासाठी प्रस्तावना तयार केली आहे" अशी होती, आणि त्याखाली मार्गदर्शकांची ठसठशीत सही होती. विद्यापीठात एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणे बंदी घाला, कोणी म्हणे मोबाइल जप्त करा. शेवटी शिरस्त्याप्रमाणे समिती नेमली, आणि कोणालाच नको असलेलं अध्यक्षपद आपांच्या गळ्यात पडलं. मी मराठीचा मास्तर म्हणून मसुदा लिहिण्याचं काम माझ्याकडे.

मी चांगला भारदस्त मसुदा लिहिला. आपांनी तो समितीपुढे मोठ्यानं वाचायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात त्यांना धाप लागली. "अरे भाऊ," त्या म्हणाल्या, "येवढ्या लंब्या वाक्यात मंधात बसाले एखादा बाकडा तरी ठेवाचा ना!" सगळे हसले, मीही हसलो, पण कान लाल झाले होते. नंतर त्यांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघांनी मिळून तो मसुदा पार सोलून काढला. शेवटी जे उरलं ते दूर जंगलातल्या आलापल्लीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. मशीनला विचारा, समजून घ्या, भाषा तपासून घ्या. पण विचार तुमचा हवा, आणि जी मदत घेतली ती शेवटच्या पानावर लिहा. आपांच्या भाषेत सांगायचं तर, "सांगतलं तर मदत, लपवलं तर चोरी."

मसुदा पक्का करण्याआधी त्या कॉलेजाकॉलेजांत फिरल्या. गाडी मिळत होती, पण एसटीत पोरं भेटतात म्हणून एसटीनं. सोबत डब्यात पराठे, आणि पराठ्यांच्या आशेनं मी. गडचांदूरला सिमेंटच्या धुळीनं पांढुरक्या झालेल्या वर्गात त्यांनी विचारलं, "मशीनले काऊन विचारता? सर हायेत ना." मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, सरले दुसऱ्यांदा विचारलं का सर चिडते. थे नाई चिडत." वर्गात हशा पिकला. आपा मात्र हसल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी पराठ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "पोरं तिकडं काऊन जाऊन राह्यले, हे आपल्याले आज समजलं. नियम पोराइले पायजे, पन पह्यले मास्तराइले पायजे."

आणि खरंच त्यांनी मास्तरांनाही सोडलं नाही. आमच्यातले काही जण प्रश्नपत्रिका मशीनकडून काढून घेत होते, एक दोघं तर उत्तरं तपासायलाही मशीन लावत होते. हे बैठकीत निघालं तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आपा, त्याने कार्यक्षमता वाढते." आपा म्हणाल्या, "वा! पोरानं लपवलं तर चोरी, आन् तुमी लपवलं तर कार्यक्षमता?" त्या दिवशी नियम झाला की मार्क देईल तो माणूसच देईल आणि सही करील त्यानं वाचलेलं असेल. नियमवाल्या आपा हे नाव त्यानंतरच पडलं. ठेवणाऱ्यांनी कुचेष्टेनं ठेवलं होतं, पण आपांना ते आवडलं.

त्यांची खरी परीक्षा झाली ती स्रवंतीच्या वेळी. स्रवंती सिरोंच्याकडची, घरी तेलुगू बोलणारी एम.ए.ची विद्यार्थिनी. आपल्या भागातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांच्यावर तिनं प्रबंध लिहिला होता. विद्यापीठानं नव्यानं घेतलेल्या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं सांगितलं की यातलं बहुतेक लिखाण मशीनचं आहे. परीक्षा विभागाच्या सरांनी प्रबंध रद्द करण्याची शिफारस केली. रद्द म्हणजे वर्ष गेलं. आणि तेवढ्या लांबून आलेली मुलगी एकदा घरी परतली की पुन्हा येत नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो.

"हे सॉफ्टवेअर अंदाज सांगते, गुन्हा नाई सांगत," आपा म्हणाल्या. "जिंदगी गेली माही अंदाजाचा हिशोब शिकवण्यात. पोरीले बोलवा."

मुलगी आली. समोर आम्ही समितीचे पाच जण बघून दारातच थांबली. परीक्षेच्या सरांनी घड्याळाकडे पाहिलं. आपांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि प्रबंधाचं नावही न काढता विचारलं, "मिरची तोडून तोडून हाताची आग होते ना? मंग काय लावतेत बाया?"

"ताक लावतात, मॅडम," ती म्हणाली. "परंतु जळजळ जात नाही." पुढे म्हणाली, "आईचा हात डोळ्यांना लागला तर लहान मूल रडते. म्हणून माझी आई आम्हाला कोपरांनी जवळ घेत असे."

मग ती बोलत राहिली. शेतावरच्या झोपड्या, मुकादम, शाळा बुडवून आईबरोबर गेलेली पोरं, सगळं तिनं सांगितलं. ते सगळं प्रबंधात होतं आणि सगळं तिचं होतं. मराठी ती शाळेच्या पुस्तकातूनच शिकलेली, त्यामुळे बोलणंही तसंच इस्त्री केलेलं आणि लिहिणंही. सॉफ्टवेअर फसलं होतं ते इथं. माझा जीव भांड्यात पडला.

पण पोरगी उठता उठता म्हणाली, "मॅडम, एक सांगायचे आहे. आधी इतरांनी केलेल्या संशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण मी मशीनकडून लिहून घेतले. ते सांगावे लागते हे मला ठाऊक नव्हते."

"घ्या! म्हणजे कबूलच झालं," परीक्षेचे सर म्हणाले.

आपांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मग त्यांनी तिच्या कॉलेजात फोन लावला. आमच्या नियमांचं परिपत्रक तिथं पोचलं होतं आणि प्राचार्यांच्या कपाटात सुखरूप होतं. वर्गात कोणी ते वाचलंच नव्हतं.

"आपा, आज सोडलं तर उद्या सगळेच ठाऊक नव्हतं म्हणतील," सर म्हणाले. त्यांचंही काही खोटं नव्हतं.

"बराबर हाये तुमचं," आपा म्हणाल्या. "पन हे पोरगी आपल्या तोंडानं सांगून राह्यली, कोनी पकडलं नोतं तिले. आज तिले शिक्षा केली तर या विद्यापीठात यापुढं कोनीच खरं नाई सांगनार. मंग कोनासाठी केले हे नियम?"

ठरलं असं की ते प्रकरण काढून तिनं पुन्हा स्वतः लिहायचं आणि तोंडी परीक्षा द्यायची. सॉफ्टवेअरच्या आकड्यावरून कोणालाही दोषी धरायचं नाही, आधी माणसाशी बोलायचं. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात हे नियम समजावून सांगायचे, परिपत्रक पाठवून मोकळं व्हायचं नाही. आणि इतिवृत्तात आपांनी मला एक वाक्य घालायला लावलं: नियम विद्यार्थ्यांपर्यंत पोचला नाही, याची जबाबदारी अध्यक्ष म्हणून माझी.

"आपा, हे कशाला?" मी म्हटलं. "उद्या हेच तुमच्या अंगाशी येईल."

"येऊ दे. पोरीनं खरं सांगतलं आन् मी लपवू काय?"

व्हायचं तेच झालं. समितीची पुनर्रचना झाली, आणि त्या एका वाक्यावर बोट ठेवून आपांना वगळलं. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. आपांनी मात्र नव्या अध्यक्षांना फाइल नेऊन दिली, वर दोन तास बसून समजावून सांगितली. थोड्याच महिन्यांत त्या निवृत्त होऊन चंद्रपूरला गेल्या. विद्यापीठ एकदम गप्प झालं. त्यांचं खणखणीत बोलणं आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की ते नाहीसं झाल्यावरच मला कळलं, मी कामावर निम्मा त्यासाठीच येत होतो.

स्रवंतीची तोंडी परीक्षा त्यानंतर झाली. आपांना आत बसायचा अधिकार नव्हता. तरी त्या सकाळच्या एसटीनं आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर पदर सावरून बसून राहिल्या. परीक्षा आटोपल्यावर मी प्रबंध घेऊन धावतच बाहेर आलो आणि शेवटचं पान त्यांना वाचून दाखवलं.

"शुद्धलेखन तपासण्यासाठी मी मशीनची मदत घेतली," स्रवंतीनं लिहिलं होतं. "'आई मुलाला कोपरांनी जवळ घेते' हे माझे वाक्य मशीनने 'आई मुलाला प्रेमाने मिठी मारते' असे सुधारून दिले. ती सुधारणा मी स्वीकारली नाही. मिरचीच्या दिवसांत माझ्या आईने मला कधीही हातांनी जवळ घेतले नाही."

आपांनी ते पान हातात घेऊन पुन्हा एकदा स्वतः वाचलं. मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "पास झाली ना?"

"झाली, आपा."

"मंग मघापासून वाचत काऊन बसला? पह्यले ते सांगाचं ना!" आणि मला तिथंच सोडून त्या पोरीला शोधायला निघाल्या.