दहा मिनिटांचं झाकण

डोंगरचहा करावा तर आसिमिनानं, असं ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या पालिओव्रिसी गावात सगळेच म्हणत, आणि ती दुसऱ्या कुणाला धड करूही देत नसे. पाणी गार घ्यायचं. वाळलेल्या काड्या फुलांसकट हातानं मोडून त्यात टाकायच्या. पहिली उकळी फुटली की भांडं खाली, वर झाकण, आणि दहा मिनिटं कुणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग गाळायचा, मध घालायचा आणि गप्प बसून प्यायचा.

लेक पोलिक्सेनी लारिसाहून सुट्टीला आली की एकदा तरी झाकण उचलून बघायचीच.

"उचल, उचल! वाफ पिऊन घे सगळी," आसिमिना म्हणायची. "शहरात जाऊन एवढंच शिकलीस, घाई. तुझा चहा म्हणजे भांडं विसळलेलं पाणी."

"आई, दहा मिनिटांत काय असं आभाळ कोसळणार आहे?"

"नाही ना कोसळणार? मग थांब की."

शेवटचा शब्द आसिमिनाचा. बाई हट्टी होती, तोंडानं फटकळ होती, आणि एका बाबतीत मात्र तिनं एकतीस वर्षं तोंडातून ब्र काढला नव्हता.

तिचा नवरा वायोस एकतीस वर्षांपूर्वी चहा खुडायला कड्यावर गेला आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावरून. जुलैत प्रॉफेट इलियास या संताचा सण झाला की आमच्याकडे चहा खुडायला निघतात. दव वाळल्यावर देठ कात्रीनं कापायचे, मूळ उपटायचं नाही, आणि चहा मिळायची आपली जागा कुणाला सांगायची नाही. वायोसनं ती फक्त झीसिसला सांगितली होती. झीसिस त्याचा जिवलग. वायोसच्या लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल त्यानंच केली होती, आणि आमच्याकडे तो मान ज्याचा तो भावापेक्षा जवळचा. आदल्या रात्री पाऊस झाला होता. ओल्या कड्यावर वायोस कधी पाऊल टाकत नसे, हे आसिमिनाला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या सकाळी तो झीसिसबरोबर गेला. झीसिस खाली आला, अंगणात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "पाय घसरला, वहिनी."

का गेला, वर दोघांत काय बोलणं झालं, तिनं विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं तर त्याला शिव्याशापच जातील, म्हणून पहिले चाळीस दिवस गप्प राहिली. चाळीसाव्या दिवशी, वायोसच्या नावच्या प्रार्थनेला, देवळात झीसिसनं मान वर केली नाही. ते बघून तिच्या मनात पाल चुकचुकली ती कायमची, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

पण चहा बंद झाला नाही. "चहा डोंगराचा, भांडण आपलं," असं तिची सासू म्हणायची. गावातल्या प्रत्येक घराला हिवाळ्यासाठी चहाची जुडी द्यायची हा तिच्या सासरचा रिवाज होता. म्हणून दर सप्टेंबरात माळ्यावरच्या सावलीत वाळवलेली एक जुडी, लोकरीच्या लाल दोऱ्यानं बांधून, ती झीसिसच्या दाराच्या कडीला अडकवून यायची. दार वाजवायची नाही. ईस्टरच्या आधी तोच दोरा, धुऊन गुंडाळलेला, तिच्या फाटकाला लटकलेला असायचा. एकतीस वर्षांत दोघांचा व्यवहार काय तो एवढाच, एक दोरा.

आतून मात्र ती जळत होती. पोलिक्सेनी सारखी म्हणायची, "आई, लारिसाला चल. इथं आता राहिलंय कोण?" खरंच होतं ते. हिवाळ्यात तीन धुराडी पेटायची. एक हिचं, एक झीसिसचं, एक आरगीरिसच्या कॉफीच्या दुकानाचं. पण आसिमिना हलत नव्हती, आणि का हलत नव्हती ते लेकीलाही सांगत नव्हती. झीसिस तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तो कधीतरी बोलेल, आणि बोलला तर आपण इथं असायला हवं, एवढ्यासाठी ती थंडीत हाडं गोठवत बसली होती.

फेब्रुवारीत बर्फानं रस्ता बंद झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी आरगीरिस गुडघाभर बर्फ तुडवत तिच्या दाराशी आला.

"काकी, काल झीसिसनं माझ्याकडे चहा मागितला."

आसिमिनानं दार पुरतं उघडलं. आमच्याकडे धडधाकट माणूस दुकानात जाऊन चहा मागत नाही. कॉफी मागतो, दारू मागतो. चहा मागितला की समोरचा पहिलं विचारतो, काय होतंय?

"मग? दिलास?"

"दिला. अर्धा टाकला. म्हणाला, हा काही तिच्यासारखा नाही. आणि आज त्याचं धुराडं पेटलेलं नाही. डॉक्टरला फोन केलाय, पण रस्ता उद्याशिवाय मोकळा होत नाही म्हणतात. मी गेलो तर मला म्हणतो, तू जा, तिला पाठव."

"तिला म्हणजे?"

"आता काकी, गावात दुसरी ती आहे कोण?"

तिनं मधाची बरणी घेतली, शाल घेतली आणि निघाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ती कडी वाजवली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

झीसिस चुलीजवळच्या बाकावर दोन घोंगड्यांखाली पडला होता. छातीतून घरघर येत होती. एवढा धिप्पाड माणूस, चिमणीएवढा झाला होता. तुळईला तिचीच जुडी टांगलेली होती, अर्धी संपलेली. तिनं आधी चूल पेटवली, मग त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"आलीस, वहिनी."

"आले. किती दिवस खोकतोयस? आणि सरपण दाराशी असून चूल विझू दिलीस? शुद्ध आहे का तुला?"

"रागवू नकोस. बस." त्यानं हात वर केला, तो अर्ध्यातूनच पडला. "मला सांगायचंय. त्या सकाळचं. वायोस येत नव्हता गं. तो म्हणाला, कडा ओला आहे, उद्या जाऊ. मी त्याला..."

याच वाक्यासाठी ती एकतीस हिवाळे थांबली होती. आणि आता ते दारात येऊन उभं राहिलं, तर तिला ते आत घ्यायचा धीर होईना. खरं सांगायचं तर ती घाबरली. पुढचा शब्द ऐकला की एकतर या माणसाचा जन्मभर द्वेष करावा लागेल, नाहीतर आपण याला फुकट छळलं हे कबूल करावं लागेल. दोन्हीची तयारी नव्हती.

"आधी चहा," ती म्हणाली. "घसा ओला कर, मग बोल."

"वहिनी, ऐक ना..."

"पळून चाललायस का कुठं? पड गप्प."

तो किंचित हसला, किंवा तिला तसं वाटलं. डोळे मिटून पडून राहिला.

तिनं भांड्यात गार पाणी घेतलं. तुळईवरून चार काड्या काढून मोडल्या. त्यांचा वास आला आणि तिला एकदम जुलैतला तो माळा आठवला, चादरीवर चहा पसरणारा वायोस आठवला. उकळी आली. तिनं भांडं खाली उतरवलं, वर झाकण ठेवलं आणि सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

ती पाठ करून उभी राहिली. काय विचारायचं ते मनात जुळवत होती. "मी त्याला..." काय? डिवचलं? भित्रा म्हणालास? की नुसतं चल म्हणालास? माणसं एकमेकांना रोज चल म्हणतात, त्यात काय पाप आहे? असंच म्हणायचं त्याला, तिनं ठरवलं. काहीही सांगितलं तरी हेच म्हणायचं. मागे घरघर ऐकू येत होती. मग चुलीतलं लाकूड तडतडलं, आणि कधीतरी नुसतं लाकूडच ऐकू यायला लागलं.

तीन पंधराला तिनं झाकण काढलं. सोनेरी, दाट, अगदी हवा तसा उतरला होता. गाळला, मध घातला आणि कप घेऊन वळली.

"ऊठ, झीसिस. आता बोल."

तिनं दोनदा हाक मारली. मग कप चुलीच्या कडेला ठेवला आणि त्याचे अर्धवट उघडे राहिलेले डोळे मिटले.

आरगीरिस अंधार पडायच्या आत आला तेव्हा ती बाकाच्या टोकाला बसली होती. चुलीच्या कडेचा चहा केव्हाच निवून गेला होता.

"काही बोलला का, काकी?"

"बोलत होता. मीच म्हटलं, थांब."

पुढच्या उन्हाळ्यात ती लारिसाला गेली, लेकीकडे. जाताना झीसिसच्या जुडीचा लाल दोरा तेवढा बरोबर घेतला, धुऊन, गुंडाळून. तिथं चहा तीच करते. पाणी उकळलं की काड्या टाकते आणि लगेच गाळते. पोलिक्सेनी झाकण पुढे करते, "आई, दहा मिनिटं?" ती नको म्हणून मान हलवते आणि पाणचट चहा पिऊन टाकते.