सातबारा घेऊन आर्नहेमला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी वकिलाची चढले, तीही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सांगलीच्या शेताचा सातबारा घेऊन.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा इथे नेदरलँड्समध्ये, आर्नहेमला शिकत होता. विद्यार्थ्यांच्या घरात एकच स्वयंपाकघर. तिथल्या भांड्यांवरून शेजारच्या खोलीतल्या मुलाशी वाजलं आणि आमच्या या शांत पोराने आईने दिलेला बिडाचा तवा त्याच्या तोंडावर हाणला. त्या मुलाचा जबडा मोडला. याला पोलीस घेऊन गेले.

सांगलीहून त्याच्या वडिलांनी, म्हणजे भावोजींनी, तासाभरात कागद पाठवले: सातबारा, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला. ते एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याला जामीन राहिले होते, त्यामुळे तिकडची रीत त्यांना पाठ होती. जामीनदार घरदार असलेला हवा, त्याने कागद दाखवायचे, आरोपी पळाला तर रक्कम भरायची. रोख भरली आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर शेवटी ती परत मिळते. ओळखीचं कोणी नसेल तर कोर्टाच्या फाटकाशी भाड्याचे जामीनदार भेटतात, पण त्यांना दिलेले पैसे गेले ते गेलेच. "तू पक्की जामीनदार आहेस," ते फोनवर म्हणाले. "तुझं तिथे स्वतःचं घर आहे."

मी आमच्या झूटरमेरच्या घराचेही कागद फोल्डरमध्ये घातले. बचतीतून किती काढायचे तेही नवऱ्याशी बोलून ठरवलं. ट्रेनमध्ये बसल्यावर मला माझंच कौतुक वाटत होतं.

त्याच्या वकीलबाई सातबाऱ्यावर थांबल्या. "हे काय आहे?"

"शेत."

"छान असेल. पण इथे न्यायाधीश पैसे फार क्वचित मागतात." त्यांनी फोल्डर हळूच माझ्याकडे सरकवला. "सुटला तर तो राहणार कुठे? जुन्या घरी जाता येणार नाही, तिथे तो जखमी मुलगा राहतो. तुमच्याकडे ठेवाल?"

मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, आरोपींवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यातून तुम्हाला फोन येईल, तेव्हा नीट सांगा.

दुपारी घरी पोचते तोच त्या खात्यातून फोन आला. बाईंचा आवाज गोड होता. घरात कोण कोण? मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी. त्याची खोली कोणती असेल? मुलीच्या शेजारची. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही काळजी वाटते का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मला तो तवा दिसला. "विचार करून सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला आणखी चौदा दिवस आत ठेवलं. राहायला पत्ता नाही, हे त्यातलं एक कारण होतं.

सांगलीला मी सांगितलं, इथले कायदे कडक आहेत. भावोजी म्हणाले, "पैसे कमी पडत असतील तर लाजू नको. शेत काढतो." मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पैसे मी हसत दिले असते. घरात जागा द्यायची वेळ आली तेव्हा माझा हात आखडला, आणि खापर मी कायद्यावर फोडलं.

जेवताना मुलीने विचारलं, मराठीतल्या प्रश्नांनाही ती डचमध्येच उत्तर देते तशी डचमध्येच, "त्याला आपल्याकडे का नाही आणत? तो आपलाच आहे ना?" मी तिच्यावर खेकसले. जिच्यासाठी म्हणून मी टाळाटाळ केली होती, तीच मला हे विचारत होती. नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला.

सकाळी मी वकीलबाईंना फोन केला आणि आमचा पत्ता दिला.

पुढच्या सुनावणीला तो अटींवर सुटला. आमच्याकडेच राहायचं, दर आठवड्याला त्या खात्यात हजेरी लावायची, जुन्या घराकडे फिरकायचं नाही. एक युरोही कोणी मागितला नाही. सांगलीला पेढे वाटले. बहीण रडत रडत म्हणाली, "तू जामीन राहिलीस म्हणून पोरगं सुटलं गं." मी नुसतं हो म्हणाले.

दुपारी नवरा त्याला घेऊन आला. पोरगा वाळला होता. पाया पडला. मी त्याला वर खोली दाखवायला नेलं. जिना चढल्यावर आधी मुलीची खोली लागते. दार उघडंच होतं आणि आतल्या बाजूला मी त्याच सकाळी बसवून घेतलेली नवी कडी चकाकत होती. खाली लाकडाचा भुसाही तसाच पडला होता.

त्याची नजर कडीवर गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं केलंस, मावशी."