उतारावरचा स्विच

उतार संपला, मी स्विच चालू केला आणि मागं बार झाला. पाठोपाठ काचा फुटल्याचा आवाज आला. मोटार कडेला घेऊन मागं गेलो, तर शेवटच्या बाकाखाली एक पंचविशीचा गडी डोकं धरून पडलेला. त्याच्या अंगाखाली तानूबाई कासारणीचं बांगड्यांचं गाठोडं. पॅसेंजर भडकले होते. एकानं विचारलं, "कुणाचा ह्यो?"

"वळखीचा हाय," मी म्हणालो.

तो माझा मुलगा होता, हणमंता.

लढाई नुकतीच संपली होती. पेट्रोल मिळायची मारामार, म्हणून आमची कराड–तासगाव सर्व्हिस मोटार कोळशावर चालायची. मागं लोखंडी पिंप, त्यात लाकडाचा लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा. कोळसा वाचतो म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक उताराला स्विच बंद करायचो. स्विच बंद म्हणजे ठिणगी बंद. थोडा गॅस मात्र येतच राहतो आणि न जळता सायलेन्सरमध्ये साठतो. खाली आल्यावर स्विच लावला की तो एकदम पेटतो. याला बॅकफायर म्हणतात. आवाज थेट बंदुकीसारखा.

हणमंता ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतला तो मुक्यासारखाच, दिवसाकाठी दोन शब्दही बोलायचा नाही. भांडं पडलं तरी थरथरायचा. कामाचं नाव नाही. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून रोज मोटारीत आणायचो. लोक काय म्हणतील म्हणून शेवटच्या बाकावर बसवायचो, पिंपाशेजारी. आठ महिने ते बार त्याच्या पाठीशी झाले आणि मी त्यालाच सांगत राहिलो, जरा मन घट्ट कर.

तानूबाई दर बाजाराला आमच्याच मोटारीनं जायची. बांगड्यांकडं न बघता ती त्याच्या तळहातातल्या काचा वेचत बसली होती.

"आवं डायवर, नाक तर तुमचंच हाय की ह्याचं," ती म्हणाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लेकराला घट्ट हो म्हंतायसा. पर त्यो बारच बंद न्हाई का करता येत?"

येत होता. उताराला स्विच चालू ठेवायचा, बस्स. पुढच्या सीटवरचे दोघे उठून मागं गेले आणि हणमंताला त्यांनी माझ्या शेजारी आणून बसवलं. संध्याकाळी मालकांना म्हटलं, उद्यापासून कोळसा जास्त लागेल, आणि कारणही सांगितलं. मालक कडक माणूस, बोलणी खायची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, जळू दे, पोराला रोज पुढंच बसव.

दुसऱ्या दिवशी त्याच उताराला मी त्याला स्विच दाखवला.

"बघ, चालू ठिवलाय. आता बार न्हाई व्हायचा."

"मला ठाव हुतं, आबा," तो म्हणाला. फौजेत तो लॉरी चालवायचा आणि गाडी त्याला मीच शिकवली होती.

"मग बोलला का न्हाईस?"

"म्हटलं, कवातरी तुमच्याच ध्येनात यील."

तो पुरता बरा कधीच झाला नाही. पुढं बरीच वर्षं माझ्या शेजारी बसून कराड–तासगाव करत राहिला. हाताखाली नवा ड्रायव्हर आला की मी त्याला बजावायचो, उताराला स्विच बंद करायचा नाही. का, म्हणून विचारलं तर सांगायचो, सायलेन्सर फुटतो.