काय द्यायचं ते द्या

मी पेंटर. म्हणजे पाट्या रंगवणारा. सातवीतून शाळा सोडली आणि ब्रश धरला. पारनेर भागातल्या ट्रॉल्या, दुकानं, शाळांच्या भिंती, सगळीकडं माझं अक्षर होतं. मग फ्लेक्स आला आणि काम बसलं.

गिऱ्हाईकापुढं मला एकच वाक्य यायचं. दर विचारला की म्हणायचं, "काय द्यायचं ते द्या." आकडा सांगायची लाज वाटायची. मग माझी मंडळी चहा घेऊन बाहेर यायची आणि उभ्या उभ्या दर सांगून आत जायची. मी चिडायचो तिच्यावर. ती जाऊन दीड वर्ष झालं. आता चहा मीच करतो, आणि एका कपाचं दूध अजून जास्तच पडतं.

लेकीची लेक नगरला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. सुट्टीला आली की तिथलं सांगत बसते. चित्रं काढायला शिकवतातच, वर ती विकायलाही शिकवतात. आधी कच्चं चित्र दाखवायचं, दर फुटावर सांगायचा, ठरलं ते कागदावर घ्यायचं. एक मास्तर तर पोरांना समोरासमोर बसवून नुसता दर सांगायची तालीम घेतो म्हणे.

मला ते ऐकवेना. माझं सगळं आयुष्य शिडीवर गेलं, मला कुणी तालीम दिली? नातीवर कोण जळतं? मी जळलो.

या उन्हाळ्यात गावच्या दूध डेअरीची भिंत रंगवायची निघाली. गाय आणि डेअरीचं नाव. चेअरमन घरी आले ते नातीकडं. तिनं मोबाईलवर गाय दाखवली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून दर सांगितला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

चेअरमननी मला अंगणात बाजूला घेतलं. "पेंटर, पोरीचा दर लई हाय. तुमीच करा की. गावचं काम हाय."

"करतो," मी म्हणालो. "काय द्यायचं ते द्या."

ते गेल्यावर बघतो तर ती दारात उभी. सगळं ऐकलेलं.

"आबा, गिऱ्हाईक दर पाडतं हे शिकवलंय आम्हाला. घरातला माणूस पाडतो, हे नाही शिकवलं."

"तुला कॉलेज हाय. मला काय हाय?"

"अक्षरं तुमच्याकडनंच घेणार होते मी. माझी भिंतीवर घसरतात."

एवढं बोलून ती आत गेली. जेवताना "भाकरी वाढू का?" एवढंच.

सकाळी मी डेअरीवर गेलो. चेअरमनना म्हणालो, "भिंत पोरीची, दर बी तिचाच. अक्षरं मी काढीन, त्याचा दर येगळा." आणि तो सांगितला. आकडा माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

"काल तर येगळंच बोलत हुता."

"काल मी जळत हुतो."

"आन आज?"

"आज बी जळतोय. पण दर हाच."

ते हसले, कुरकुरले आणि हो म्हणाले.

भिंत झाली. दूध घालायला येणारे गाईपुढं उभे राहून फोटो काढतात. फोटोत माझी अक्षरं कापली जातात. मी तिथं असलो की सांगतो, जरा मागं सरका, अख्खी भिंत येऊ द्या.