सतरा एकांचा आकडा

एका आकड्यापायी अख्खी सासरवाडी वेठीला धरणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो थोरला साडू म्हणून नेमका माझ्या वाट्याला आला. नाना चोपड्याचे, केळीवाले. त्यांचा आकडा म्हणजे ओळीने मांडलेली सतरा एकं. एकं जोडीने असली तर अकराने भाग जातो, तिनाच्या पटीत असली तर तिनाने. सतरा एकांना मात्र कशानेच जाणार नाही, ही नानांची श्रद्धा. गेलाच तर चौतिसाच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्येनेच जाईल, एवढं त्यांनी कुठूनसं पैदा केलं होतं. मग एकशे तीन झाले, एकशे सदतीस झाले, असं हाताने भागत भागत कित्येक वर्षांत ते सहा लाखांच्या पुढे आले होते. "हाऊ आकडा तुटाव नही, लिखी ले," हे मी जेवताना, झोपताना आणि एकदा दाढी करताना ऐकलंय. पंगतीत वरणात बोट बुडवून ते पानावर भागाकार मांडत आणि वाढणारा भात घेऊन ताटकळत उभा. माझ्या वडिलांच्या तेराव्याला धुळ्याला आले, शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. मी सांत्वनाची वाट पाहतोय, तर हळूच म्हणाले, आजही बाकी उरलीच.

आता खरं सांगतो. उत्तर मला बरेच दिवस माहीत होतं. एकदा वैतागून फोनला विचारलं, त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं. मी गप्प राहिलो आणि स्वतःला दयाळू समजत राहिलो.

मग यंदाच्या थंडीत नानांच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचं काम नानांकडे. त्यांनी काठीने राखेत भागाकार काढला आणि टोपलीभर वांग्यांचा कोळसा केला. पाहुणे कोरड्या पुऱ्या हातात धरून बसलेले. अक्का, म्हणजे नानांची बायको, बिचाऱ्या कांदा चिरत सगळ्यांची माफी मागत होत्या. माझा तोल गेला.

"नाना, तुटतो तुमचा आकडा. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं. फोनमध्ये आहे."

कुणी हसलं नाही. नानांनी राख सारखी केली, नवा भागाकार मांडला, एकेक अंक खाली उतरवत गेले. मी मनातल्या मनात फोन चुकलेला असू दे म्हणत होतो.

"बाकी शून्य शे," ते म्हणाले, आणि हात झटकून दुसरी वांगी आणायला गेले.

हल्ली नाना चारचौघांसारखे बोलतात. हवापाणी, गुडघे, केळीचा भाव. सासरवाडी खूश आहे. मला मात्र त्यांच्याशी काय बोलावं सुचत नाही. परवा मीच फोन केला, आडून आडून विचारलं, नाना, एकोणीस एकं घेतली तर हो?

नाना अगदी मायेने म्हणाले, "फोनमा देखी ले ना, भाऊ."