बोटीच्या नाकावरचा नारळ

आता माझ्या शहाणपणाची काय कथा सांगू तुम्हाला! चहाचा कप आधी खाली ठेवा, सांडला तर मी जबाबदार नाही.

गेल्या वर्षी मी मोबाईलवरून एक खोकं मागवलं. घरी बांधायची लाकडी बोट! आत कापून ठेवलेल्या प्लायवूडच्या फळ्या, गोंदाचे डबे आणि एक जाडजूड पुस्तिका. पुस्तिकेची पहिली चार पानं वाचली आणि ठेवून दिली. मला कोण शिकवणार?

बोट मांडली पडवीत. बायकोला पडवी हवी होती भातासाठी. मग काय, जुंपली! शेवटी तिनंच करार केला.

"तरंगली तर पडवी तुमची. न्हाईतर माझं भात हितंच येणार, आन् पुन्यांदा बोटीचं नाव काढायचं न्हाई."

"तरंगणारच!"

आमचं सगळं उत्रोली गाव चिखलात लावणी करत होतं, तेव्हा मी पडवीत बसून फळ्या घासत होतो. चार महिने! बोट झाली मात्र देखणी, खोटं कशाला बोलू?

गुपचूप धरणावर नेऊन पाण्यात सोडली असती, तर काय बिघडलं असतं? पण मग गावाला कळणार कसं? फ्लेक्स लावला. मधोमध मी, हात जोडून. भोवती एकवीस शुभेच्छुक, त्यातल्या एकानंही फळीला बोट लावलेलं नव्हतं. टेम्पोतून बोट धरणाच्या काठावर उतरवली. सरपंचांनी अर्धा तास भाषण करून गावाचा पर्यटन विकास उरकला. मग नारळ हातात घेऊन ते दगड शोधायला लागले.

"दगड कशाला?" मी गरजलो. "बोटीच्या नाकावरच फोडा की!"

"तात्या, फळी पातळ दिसतीया."

"पातळ? दगडाला भारी आहे ती!"

"मग तुमीच हाणा."

हाणला! वाकून, पार खालच्या टोकाला, सगळा जोर लावून.

खाड्!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हातात बघतो, तर नारळ जसाच्या तसा. आणि बोटीला तळाशी मूठ जाईल एवढं भोक! लाजेनं मेलो हो मी. बायकोनं नारळ तेवढा पिशवीत टाकला आणि टेम्पोत जाऊन बसली.

घरी येऊन पुस्तिका उघडली. पाचव्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं, फळीवर काहीही आपटू नये.

सुगी झाली. बोट पुन्हा पडवीत आली, आणि बायकोनं तिच्यात काठोकाठ भात भरलं. भोकाला चिंधीचा बोळा. आल्यागेल्याला कौतुकानं सांगते, "आमच्या ह्यांनी कणगी केलीया. भात काढाया खालनं भोक बी सोताच्या हातानं पाडलंय."

बोटीचं नाव काढायची सोय नाही. करार म्हणजे करार.

परवा शेजारच्या काकू आल्या. बोळा काढून बघितला, भात भुरुभुरु खाली आलं. खूश झाल्या.

"तात्या, आमाला बी अशीच एक करून द्या की. नारळ आमी आणतो."