बिजलीवीर दिंडोरीच्या द्राक्षबागेत लटकला, त्या दिवसाची गोष्ट

हल्ली कुठलाही ब्लॉग उघडला की कुणीतरी दिंडोरीला वाईन चाखायला गेलेलं असतं. जरूर जा. मी सांगतेय ती फेरी मात्र नव्वदीच्या शेवटची, रस्त्याला वायनरीच्या पाट्या लागण्याआधीची. मी गेले होते एका सुपरहिरोला बघायला.

त्या काळी दर रविवारी सकाळी ‘बिजलीवीर’ नावाची हिंदी मालिका लागायची. नायक एरवी साधा ग्रंथपाल, संकट आलं की निळे घट्ट कपडे घालून उडणारा. नुसता चष्मा काढला तरी त्याला सख्खी आई ओळखायची नाही. उडताना त्याच्या अंगाभोवती हिरवी किनार दिसायची आणि मागून दर आठवड्याला तेच ढग जायचे. शेवटी तो मुलांना भाज्या खायला सांगायचा.

मुलं हे सगळं हसत बघायची. माझा दत्तूमामा मात्र मनापासून बघायचा. पन्नाशीचा बागायतदार माणूस, पण रविवारी सकाळी त्याचा ट्रॅक्टर हलायचा नाही. मालिकेची माणसं जागा शोधत दिंडोरीला आली आणि त्यांना मामाची द्राक्षबाग आवडली, तेव्हा त्याने ती भाडं न घेता देऊन टाकली. अट एकच, मालिकेत त्याला काम हवं. दिग्दर्शक कबूल झाला. मामा होणार होता एक गरीब शेतकरी. बिजलीवीर त्याला राक्षसांच्या हातून सोडवणार आणि मामा हात जोडून ‘शुक्रिया’ म्हणणार. त्या एका शब्दासाठी मामाने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आमच्याकडून मी निघाले.

जायचं तर फेब्रुवारीत जा, द्राक्षं तयार असतात. नाशिकमधल्या द्वारकेवरून मी रिक्षाने सीबीएस स्टँडला गेले आणि दिंडोरीची एसटी पकडली. म्हसरूळ मागे पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडवच मांडव लागतात. रस्ता तेव्हा असा होता की खिडकीशी बसलेल्याचं डोकं दर खड्ड्याला काचेवर आपटायचं. तासाभराने उतरले, स्टँडसमोर मिसळ खाल्ली. पाव शिळा होता, तर्री मात्र झकास.

मामा मोटारसायकलवर न्यायला आला आणि मी त्याला ओळखलंच नाही. जन्मभर पँट-शर्ट घालणारा माणूस धोतर आणि लाल पटक्यात होता. दिग्दर्शकाच्या मते तो शेतकरी वाटत नव्हता. तीस वर्षं शेती करणाऱ्या माणसाला मुंबईहून आलेल्या पोरांनी शेतकऱ्याचा वेष चढवला होता, आणि तो खुशीत होता.

बागेत वेगळंच जग होतं. चांदीचा कागद गुंडाळलेले चार राक्षस बांधावर बसून बिड्या ओढत होते. क्रेनच्या दोरीला बिजलीवीर बांधला जात होता. तो टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका होता, आणि निळ्या पँटला गुडघ्यावर ठिगळ होतं. सिंधूमामी तिकडे फिरकलीही नव्हती. दोन दिवसांत माल उतरवायचा होता, ती बायकांना घेऊन बागेच्या पलीकडच्या टोकाला घड साफ करत होती. बागेचा सगळा कारभार खरं तर तीच बघायची.

बिजलीवीर हवेत चढला. मांडवाच्या वर, पालथा, हात पुढे करून. मग पोरांनी ओळींच्या मध्ये टायर पेटवले आणि मोठा पंखा लावून काळा धूर बागेवर सोडला. राक्षस येणार म्हणजे धूर हवाच. मामाला याची कुणी कल्पना दिली नव्हती. तो ‘शुक्रिया’ घोकत उभा होता, ते मध्येच राहिलं.

धुरातून मामी धावत आली. पदर खोचलेला, एक हात वर, आणि तोंडाने बंद करा, बंद करा असं ओरडत. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शकाने तो सावकाश थांबवला आणि मामीला म्हणाला, माताजी, दोन मिनिटांचं काम आहे.

“दोन मिनिटांत काजळी बसती,” मामी म्हणाली. “व्यापारी काळा माल घेत नाय. माझी वर्षाची मेहनत हाय ती.”

दिग्दर्शक तिच्याशी बोललाच नाही. तो मामाकडे वळला. धूर नाही तर राक्षस नाहीत, राक्षस नाहीत तर तुमचा शॉट नाही, बघा काय ते, असं त्याने हिंदीत सुनावलं. मामा एकदा मामीकडे बघत होता, एकदा वर बिजलीवीराकडे. मला त्या क्षणी त्याची भीती वाटली, कारण त्याला ते काम किती हवं होतं हे मला ठाऊक होतं. मग त्याने पटका काढून बांधावर ठेवला, धोतर सावरत जनरेटरपाशी गेला आणि तो बंद केला.

पंखा थांबला. बायकांनी टायरवर माती लोटली. तेवढ्यात लक्षात आलं की बिजलीवीराची दोरीही त्याच जनरेटरवर चालत होती. तो तसाच वर राहिला, हात पुढे करून.

दिग्दर्शक म्हणाला, आधी जनरेटर लावा. मामा म्हणाला, आधी टायर बागेबाहेर न्या. दोघंही हटेनात. ऊन चढत होतं. पृथ्वीला दर रविवारी वाचवणारा गृहस्थ वरून पाणी मागत होता, आणि पाणी द्यायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं. शेवटी मामी बिजलीवीराच्या अगदी खाली जाऊन उभी राहिली.

“साहेब, तुम बोलो उनको,” ती वर बघत म्हणाली. “मेरा तो वो सुनता नाय.”

बिजलीवीर बोलला. रविवारी सकाळी मुलांसमोर जे शब्द तो कधी वापरत नसे, त्या शब्दांत त्याने दिग्दर्शकाच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. टायर लगेच उचलले गेले.

खाली आल्यावर तो पाठ चोळत खुर्चीत बसला. आभार वगैरे काही नाही, गाडीत द्राक्षांची एक पेटी ठेवायला सांगितली. मामीने दिली. कालच औषध मारलंय, धुऊन खा, एवढं बजावलं.

मामाचा शॉट झाला नाही. दुपारी भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा असं जेवलो. जेवता जेवता मामाने विचारलं, धोतरात कसा दिसत होतो? धोतर चोरून आणल्यासारखं दिसत होतं, असं मामी म्हणाली आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. कडेच्या दोन ओळी काळवंडल्या, त्यांचा माल स्वस्तात नाशिकच्या बाजारात गेला. बाकी सगळी बाग व्यापाऱ्याने नेली.

तो भाग लागला तेव्हा मामा-मामी आमच्याच घरी आले होते. बाग हिरवी-जांभळी रंगवून दुसरा ग्रह केली होती. राक्षस आले, धूर झाला, आणि धुरातून चक्क मामी आली. पदर खोचलेला, हात वर. तिच्या तोंडातून एका कोवळ्या मुलीचा आवाज निघाला, “बचाओ बिजलीवीर, हमें बचाओ.” बिजलीवीर वरून हसला.

मामा आधी हसायला लागला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मामी हसली नाही.

“मी असं म्हनले नव्हते,” ती म्हणाली.

दिंडोरीला जा, द्राक्षं खा, रस्ताही आता बरा झालाय. तिथल्या बाजारात आजही काही लोक मामीला ‘बिजलीवीराने वाचवलेली बाई’ म्हणून ओळखतात. ती दर वेळी थांबते, पिशवी खाली ठेवते आणि खरं काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लागते. पूर्ण कुणी ऐकून घेत नाही. म्हणून हे लिहिलं.